भिंगारमध्ये स्कॉटलंडचे किल्ले

प्रभुदास मास्तरांनी जन्मात दोनदा ट्रंक बांधली आणि दोन्ही वेळा युरोपात लढाई लागली. हा योगायोग आहे असं मास्तर म्हणत, पण शेजारचे काकासाहेब ते मानायला तयार नसत. काकासाहेब म्हणजे लष्कराच्या कमिसरीत, म्हणजे रसदखात्यात, पंचवीस वर्षं घासून पेन्शनीत निघालेले गृहस्थ. तेव्हापासून भिंगारमधल्या कुणालाही कशावरही सल्ला द्यायला ते मोकळे झाले होते. ते म्हणत, "मास्तर, जगावर दया करा. तिसऱ्यांदा ट्रंक बांधू नका."

दोन्ही वेळा मास्तरांना नेणार होते ते मॅकफर्सन पाद्रीसाहेब. साहेब मूळचे स्कॉटलंडचे. तरुण प्रभुदासला त्यांनी इंग्रजी शिकवलं ते आपल्या मुलखातल्या किल्ल्यांच्या गोष्टी सांगून, आणि वर वचन दिलं की एकदा तुला हे सगळं दाखवीन. चौदा साली निघायचं ठरलं, लढाई लागली. एकोणचाळीस साली पुन्हा ठरलं, पुन्हा लागली. शेवटी चाळीस साली साहेब एकटेच बोटीवर चढले आणि पुढच्याच हिवाळ्यात तिकडे वारले. मागे राहिली एक लाकडी पेटी. तीत एक जादूचा कंदील होता, म्हणजे काचेवरची चित्रं भिंतीवर मोठी करून दाखवायचं यंत्र, आणि तसल्या चोवीस काचा. सगळ्या काचा स्कॉटलंडमधल्या किल्ल्यांच्या आणि सरदारांच्या वाड्यांच्या.

आता मास्तरांना त्या किल्ल्यांबद्दल काय माहीत नव्हतं ते विचारा. कुठल्या बुरुजाला किती पायऱ्या, कुठल्या वाड्यात कुठल्या राजाने जेवताना कुणाला भोसकलं, सगळं तोंडपाठ. पण ऐकणार कोण? मास्तर खोटं बोलत नसत, हा त्यांच्यातला मोठाच दोष होता. समोरचा माणूस जरा रंगात येई आणि विचारी, "मग तुम्ही कधी गेला होता?" मास्तर म्हणत, गेलो नाही. झालं. समोरच्याला लगेच घरचं दळण आठवायचं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांचं स्कॉटलंड दहा मिनिटांच्या वर कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यांच्या पत्नी लिडियाबाईसुद्धा दुसऱ्या किल्ल्यापर्यंत येत आणि तिथेच बसल्या बसल्या पेंगत. बाई दिवसभर राबलेली असे, तिला तरी बोल कसा लावणार?

त्रेचाळीस सालचा डिसेंबर लागला. एकतीस तारखेला मास्तर रिटायर होणार होते, आणि मुंबईच्या मिशन कचेरीचं पत्र आलं होतं की जखमी शिपायांच्या करमणुकीसाठी तो कंदील नव्या वर्षात मुंबईला पाठवून द्यावा. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. साहेब गेले, स्कॉटलंड गेलं, आता पेटीही चालली. त्या रात्री जेवताना ते लिडियाबाईंना म्हणाले की माझं दुसरं काही मागणं नाही, एकदा, फक्त एकदा माणसांनी बसून हे शेवटपर्यंत ऐकावं. लिडियाबाई म्हणाल्या, मग करा की व्याख्यान, शाळेचा मोठा वर्ग आहेच. इतकं सोपं वाटलं होतं हो ते.

कंदिलाला रॉकेल लागतं आणि रॉकेल रेशनवर. मास्तरांनी पुरवठा कचेरीत रीतसर अर्ज केला. अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. दुसऱ्या कुणी तिथे 'प्रार्थना' लिहिलं असतं आणि रॉकेल घेऊन घरी आला असता. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'किल्ले आतून व बाहेरून दाखविण्यासाठी.'

नगर आणि भिंगार यांच्या मधोमध आपला भुईकोट किल्ला आहे, हे काय सांगायला हवं? आणि आदल्या वर्षापासून त्या किल्ल्यात सरकारने देशाचे बडे बडे पुढारी आणून कोंडले होते. त्या रस्त्याने जाताना सायकलची साखळी पडली तर लोक सायकल खांद्यावर घेऊन पुढे जात, पण थांबत नसत. अशा दिवसांत किल्ला आतून दाखवायला सरकारकडेच रॉकेल मागणारा महाभाग पुरवठा कचेरीने आजवर पाहिला नव्हता. अर्ज तिथून पोलीस कचेरीत गेला, आणि अर्जाच्या मागोमाग मास्तरही गेले.

तिथले हेडक्लार्क सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना बसायला खुर्ची दिली आणि दोन तास बसवून ठेवलं. मग विचारलं, हे स्कॉटलंड कुठल्या तालुक्यात येतं? मास्तरांनी नकाशा काढून दाखवला. हेडक्लार्कनी नकाशा ठेवून घेतला. व्याख्यान लेखी आणून द्या म्हणाले. मास्तरांनी आनंदाने अठरा पानं नेऊन दिली, कारण काही झालं तरी तो माणूस ती वाचणार होता.

सहा दिवसांनी पानं परत आली. तांबड्या पेन्सिलीने नुसती घायाळ झाली होती. 'किल्ला' शब्द सगळीकडून उडवला होता. तट, बुरूज, खंदक, पहारा, सगळे कापले. एक राणी कैदेतून होडीत बसून निसटते तो भाग मास्तरांचा जीव की प्राण. त्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'निसटण्याचा तपशील नको.' किल्ल्याच्या जागी 'मोठे घर' असा शब्द वापरावा, सभा दिवेलागणीच्या आत संपवावी, आणि एक हवालदार हजर राहील, एवढ्या अटींवर परवानगी आणि रॉकेल मिळालं. अठरा पानांची साडेचार पानं उरली. प्रत्येक पानावर कचेरीचा गोल शिक्का होता. मास्तर घरी आले आणि न जेवता निजले. लिडियाबाईंनी भाकरी झाकून ठेवली.

पण खरी गंमत पुढेच झाली. शाळेचा शिपाई कारभारी व्याख्यानाची जाहिरात बाजारात चिकटवून आला. जाहिरात साधी होती. 'स्कॉटलंडमधील मोठी घरे. सचित्र व्याख्यान.' खाली पोलिसांचा शिक्का. लोकांनी जाहिरात वाचली, शिक्का पाहिला आणि एकमेकांकडे पाहिलं. मिशनच्या शाळेत घरं बघायला पोलिसांची परवानगी कशाला लागते? भिंगारची माणसं काय दुधखुळी होती? दोन दिवसांत सगळीकडे झालं की स्कॉटलंड हे नुसतं वरचं आवरण. कुणा गोऱ्या सोजिराने आपल्या किल्ल्याच्या आत जाऊन पुढाऱ्यांचे फोटो काढलेत, ते पाद्र्यामार्फत मास्तरांच्या पेटीत आलेत, आणि शनिवारी चार वाजता ते दाखवणार आहेत.

काकासाहेब संध्याकाळी ओट्यावर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, मानलं तुम्हाला. स्कॉटलंड काय, वा!" मास्तर कळवळून म्हणाले की अहो, ते खरंच स्कॉटलंड आहे. काकासाहेबांनी डोळा घातला आणि म्हणाले, शाबास, शेवटपर्यंत असंच म्हणत राहा. मास्तर जितकं नाही म्हणत तितका लोकांचा विश्वास वाढे. जो माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही तो आज इतक्या सफाईने बोलतोय, म्हणजे मामला केवढा असेल! वाण्याने त्यांना अर्धा शेर गूळ जास्त दिला. भाजीबाजारात एका म्हाताऱ्याने चक्क पायाला हात लावला.

खरं सांगायचं तर मास्तरांनी तेव्हाच व्याख्यान रद्द करायला हवं होतं. लिडियाबाई तेच म्हणत होत्या. पण मास्तरांच्या मनात एक लोभ शिरला होता. येऊ देत की चुकीच्या आशेने, एकदा बसले आणि पहिला किल्ला पाहिला की उठणार नाहीत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. चौतीस वर्षं भुकेल्या माणसाने ताट कुणाचं आहे हे विचारू नये, असं थोडंच असतं? विचारायला हवं होतं. असो.

दिवसाउजेडी कंदील दाखवायचा म्हणजे खोली अंधारी हवी, आणि शाळेच्या मोठ्या वर्गाला खिडक्या अकरा. काकासाहेबांनी सल्ला दिला की गोधड्या लावा. मग काय, आळीतल्या घराघरातून गोधड्या, वाकळी, लष्करी कांबळी निघाली आणि ज्याच्या त्याच्या हाताने ज्या त्या खिडकीला ठोकली गेली. तीन वाजताच वर्ग भरला. चार वाजता दारात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात पुढे भिंतीशी एक म्हातारी दोनपासून येऊन बसली होती. मिरजगावकडून बाजाराच्या गाडीत आली होती म्हणे. तिने कारभाऱ्याला एवढंच विचारलं होतं की हितंच किल्ला दावनार न्हवं? कारभारी व्हय म्हणाला होता.

सूर्यभान हवालदार कागद पेन्सिल घेऊन खुर्चीवर बसले. मास्तरांनी काळा कोट घातला होता. एवढी माणसं, आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मनातल्या मनात साहेबांची आठवण काढली आणि कारभाऱ्याला खूण केली.

पहिला किल्ला उलटा आला. बुरूज खाली आणि पाया वर. मास्तर घाईने काच फिरवायला धावले, तोवर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता. सरकार उलथणार असा त्याचा अर्थ मागच्या बाकावर लागला होता. सूर्यभान हवालदारांनी विचारलं की हे काय म्हणून लिहू? मास्तर म्हणाले, घर उलटं झालं असं लिहा. हवालदारांना ते लिहावं की नाही ते कळेना.

मग मास्तर बोलू लागले. "हे एक मोठं घर आहे. हे घर उंच खडकावर आहे." लोक माना डोलवत. "या घराभोवती," आणि इथे खंदक म्हणायची चोरी, "या घराभोवती पाणी आहे." लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत. मास्तर 'मोठं घर' म्हणाले की मागून कुणीतरी खाकरे. मास्तरांना आधी बरं वाटलं, मग शरम वाटली, मग पुन्हा बरं वाटलं. चौथी काच लावली तर पडद्यावर हातभर लांबीची माशी. ती मिशनच्या हगवणीवरच्या जुन्या व्याख्यानातली. पेटीत कुठून शिरली देव जाणे. कारभाऱ्याने ती हलवेपर्यंत लोकांनी तिच्यातही सरकार ओळखलं आणि शिट्ट्या वाजवल्या.

पाचवं घर झालं, सहावं झालं, सातव्यात झगा घातलेला एक गोरा म्हातारा कुत्र्याबरोबर उभा होता. लोक चुळबुळू लागले. काकासाहेब उठून सलगीने म्हणाले, "मास्तर, हवालदार आपलाच माणूस आहे. आता ती चित्रं लावा." मास्तर म्हणाले की हीच ती चित्रं. काकासाहेब हसले. मास्तर हसले नाहीत. तेव्हा काकासाहेबांचा चेहरा हळूहळू उतरला आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, हे तर खरंच स्कॉटलंड निघालं!"

मग जे झालं ते मास्तर मरेपर्यंत विसरले नसतील. कुणी आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. लोक नुसते उठले. फसवल्यासारखे, तोंड कडू झाल्यासारखे. वाण्याने जाता जाता गुळाचं नाव काढलं. आणि प्रत्येकाने जाताना आपापली गोधडी खिडकीवरून उपसली. एक गोधडी निघाली की उजेडाचा एक पट्टा आत येई आणि पडद्यावरचा किल्ला तेवढा फिका होई. मास्तर बोलत राहिले. नववं घर. दहावं घर. त्यांना वाटत होतं, थांबलो तर रडू फुटेल. सूर्यभान हवालदारांनी अहवाल पुरा केला आणि भला माणूस, जाताना वाचूनही दाखवला. 'व्याख्यानात आक्षेपार्ह काही नाही. व्याख्यानात काहीच नाही.' मग तेही सलाम करून गेले. शेवटी एकच गोधडी उरली, लिडियाबाईंची. त्या ती काढायला स्टुलावर चढल्या आणि मास्तर कंदील विझवायला वाकले.

"दिवा इजवू नका," भिंतीकडून आवाज आला. "मला नीट दिसलं न्हाई अजून."

मिरजगावकडची म्हातारी बसल्या जागी बसली होती. पडद्यावर साहेबांच्या गावचा किल्ला होता, उजेडात विरलेला, एका तळ्याच्या काठचा. ती उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. आपलं नाव कडूबाई म्हणाली. तिचा मुलगा बन्सी गेल्या साली ऑगस्टात चळवळीत तारा तोडताना धरला गेला. तेव्हापासून सोळा महिने त्याची खबर नव्हती, कारण त्याला लिहिता येत नव्हतं आणि हिला वाचता. गावातले म्हणत की नगरच्या किल्ल्यात ठेवलाय. ती तीनदा किल्ल्याच्या रस्त्यापर्यंत जाऊन आली होती आणि तिन्ही वेळा शिपायाने हुसकलं होतं. म्हणून ती आज किल्ला बघायला आली होती.

मास्तरांना माहीत होतं की किल्ल्यात फक्त बडे पुढारी आहेत. मिरजगावच्या बन्सीला तिथे कोण ठेवतो? तो कुठल्या तुरुंगात होता, होता की नव्हता, हे देवाला ठाऊक. मास्तरांनी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"आत थंडी वाजत आसंल का वो?" कडूबाईने विचारलं.

मास्तरांनी तोंड मिटलं. मग म्हणाले की आत एक चूल आहे, बैल उभा राहील एवढी मोठी. अख्खे ओंडके जळतात तिच्यात. कडूबाई म्हणाली, बरं हाय. पानी? मास्तर म्हणाले, आत विहीर आहे, गोड पाण्याची, कधी आटत नाही. ती विचारत गेली आणि मास्तर सांगत गेले. भिंती दोन पुरुष जाड आहेत, वारा लागत नाही. वरच्या खिडकीतून तळं दिसतं, पलीकडे डोंगर दिसतो, संध्याकाळी गुरं परतताना दिसतात. तांबड्या पेन्सिलीने कापलेलं सगळं त्यांनी सांगितलं, तट, बुरूज, खंदक, एकूण एक. त्यातलं काहीही चुकीचं नव्हतं. लिडियाबाई स्टुलावरून उतरून गोधडी हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्याही पेंगत नव्हत्या. अठरा पानांचं सगळं संपलं तेव्हा कडूबाईने पदराने डोळे पुसले.

"गेल्ता का तुमी आत? सोताच्या डोळ्यानं बगितलं?"

लिडियाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं.

"हो," मास्तर म्हणाले.

कडूबाईने पडद्यावर जिथे वरची खिडकी होती तिथे हात ठेवला. तिच्या हाताची सावली पडली आणि तेवढ्या सावलीत किल्ला मिटून गेला, म्हणून तिने तो घाईने काढून घेतला. "मंग परत गेलाव की त्याला सांगा," ती म्हणाली. "म्हनावं, गाय याली. कालवड झाली. त्याच्यावानीच डोळं हायेत म्हनावं."

मास्तरांनी खिशातून ती शिक्क्याची साडेचार पानं काढली, उलटी केली, बाकावर टेकवली आणि पेन्सिलीने गाय व्यायल्याचं लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

"आणखी काय सांगू त्याला?" त्यांनी विचारलं.